कांदा मागणारी

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर भर लग्नाच्या पंगतीत माझी कवळी जिलेबीला चिकटून बाहेर येवो. याच्यावर आणखी काय शपथ घालायची? हेमलता कुंभोजकर थापा मारते असं अख्खं विटा म्हणतं, आणि बरोबर म्हणतं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते मी, विटा ते सांगली. गाडी बंद पडली की पन्नास माणसं रस्त्याच्या कडेला शांत ठेवायची तर थापा माराव्याच लागतात. पण ही गोष्ट त्यातली नव्हे.

त्या काळी आमच्या गाडीतून डबे जायचे. पोरं सांगलीला कॉलेजात, खोली घेऊन राहणारी. इकडे आया पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, डबा फडक्यात बांधायच्या आणि थांब्यावर येऊन माझ्या हातात द्यायच्या. "बाई, स्टँडवर पोरगा उभा असेल." "ओळखू कसा?" "भुकेला दिसेल तो." डब्याबरोबर निरोपही असे. आजोबांचं ऑपरेशन चांगलं झालं म्हणावं. परीक्षा संपली की थेट घरी ये म्हणावं. आता मी मारे थापा मारणारी, पण निरोपात कधी पदरचं मीठ घातलं नाही. थाप आपली असते, निरोप दुसऱ्याचा असतो. आणि खरं सांगू? सगळ्या नोकरीत मला त्या डब्यांचीच मजा आली. गाडी फलाटाला लागायची, आणि तिथे कुणीतरी मान उंच करून माझी वाट बघत असायचं. म्हणजे डब्याची. पण दिसायला माझीच.

पुढे निवृत्त झाले. पुढे गाड्यांना कंडक्टर नाही राहिला, मग ड्रायव्हरही नाही राहिला. हे गेले. मुलगी प्राची नाशिकला. मी विट्यात, चौथ्या मजल्यावर. दूध ड्रोन खिडकीत ठेवायचं, भाजी खालच्या पेटीत यायची, औषधं भिंतीतल्या कप्प्यात. कुणी कुणाला काही आणून द्यायचं काम जगात उरलंच नव्हतं. दारावरची बेल शेवटची वाजली ती एक माणूस मजला चुकला म्हणून. मी त्याला चहा पाजला. बिचारा उशीर होतोय उशीर होतोय म्हणत दोन कप प्यायला.

आणि मग ओवी गुळवणी आली.

ओवी पुण्याच्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. तिशीची, केस आखूड, सोफ्याच्या कडेवर बसणारी. त्यांचा खेळ म्हणजे 'मोकळं रान'. डोळ्यांवर चष्मा चढवायचा की समोर रान, डोंगर, तळी, गावं. रेषेत चालायचं बंधन नाही, वाटेल तिकडे फिरा. लाखो लोक फिरायचे. फक्त एका गोष्टीला सगळे वैतागले होते.

"फेच क्वेस्ट," ओवी म्हणाली. "म्हणजे बघा आजी, खेळात एक म्हातारा भेटतो. म्हणतो, जा, दहा लिंबं घेऊन ये. खेळणारा जातो, लिंबं तोडतो, परत येतो. म्हातारा म्हणतो शाब्बास. झालं."

"मग? चांगलं आहे की."

"लोक म्हणतात ही हमाली आहे. आम्ही रान एवढं सुंदर केलं, आणि लोक लिंबांपाशी खेळ बंद करून जातात."

"त्या म्हाताऱ्याला लिंबं कशाला पाहिजे असतात?"

ओवी म्हणाली, "आमच्या कंपनीला हा प्रश्न पडायला चार वर्षं लागली."

मग तिने मला विज्ञान समजावलं. मला समजलं तसं सांगते. आपल्या मेंदूत हवंसं वाटणं आणि आवडणं ही दोन वेगळी दुकानं आहेत. एकमेकांशेजारी असतात म्हणून आपल्याला एकच वाटतात. माणसाला एखादी गोष्ट मनापासून हवी असली, की पहिल्या दुकानात दिवा लागतो आणि त्याचा परिणाम आवाजावर होतो. वस्तूचं नाव घ्यायच्या आधी श्वास किंचित अडकतो, सूर केसभर कापतो. ऐकणाऱ्याच्या कानाला ते कळत नाही, पण मेंदूला कळतं. आणि मग ती वस्तू आणून देताना त्याच्या मेंदूतला दिवा लागतो. मागणारा नुसताच यंत्राचा असला, तर तिकडे अंधार आणि इकडेही अंधार. म्हणून हमाली. कंपनीने यंत्राला श्वास अडकवायला शिकवून पाहिलं होतं. लोकांचे मेंदू फसले नाहीत.

"म्हणून आम्ही खरी माणसं नेमतोय," ओवी म्हणाली. "मागणारी माणसं. रोज दहा ते एक. घरीच बसायचं, कपाळाला ही पट्टी लावायची, आणि खेळात झाडाखाली बसून काहीतरी मागायचं. पट्टी तुमची ओढ मोजते. शून्य ते शंभर. काटा सत्तरच्या वर राहिला पाहिजे."

"आणि मागायचं काय?"

"तुम्हाला खरंच हवं असेल ते."

मी म्हटलं, हे तर सोपं आहे. पहिल्या दिवशी पट्टी बांधली, बाभळीखाली बसले आणि आवाज लावला, "पोरांनो! माझ्या आजेसासऱ्यांनी ज्या वाघाला चीत केलं, त्याच्या डाव्या मिशीचा केस आणा!" काय धावली पोरं! ओवीचा फोन आला. "आजी, गोष्ट झकास आहे. काटा अकरावर आहे."

"अकरा? वाघाला?"

"तुम्हाला तो केस नकोय, आजी."

"तुला काय माहीत?"

"पट्टीला माहीत आहे."

मला राग आला. म्हटलं, "मग या वयात मला काय हवं असणार, बाई? बोरं? स्टँडच्या गेटापाशी कागदाच्या पुडीत मिळायची, तिखटमीठ लावलेली, तळाशी मीठ उरायचं ते बोटाने..." पलीकडे ओवी ओरडली, "थांबा! चौऱ्याऐंशी!"

तर असं ते काम. पहिला महिना मजेत गेला. बोरं मागितली. तिकिटाला भोक पाडायचा माझा चिमटा मागितला, त्याची टिकटिक ऐकायची होती. ह्यांचा राखाडी मफलर मागितला. खेळणाऱ्यांनी कुठल्या कुठल्या डोंगरातून तो शोधून आणला, थेट तसाच, एका टोकाला उसवलेला. त्या दिवशी काटा नव्वदला गेला. मी तो हातात घेतला. वास नव्हता. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधली नाही.

आता एक अडचण अशी, की हवी ती वस्तू मिळाली की ओढ संपते. महिन्याभरात माझ्या सगळ्या इच्छा संपल्या. एवढ्याच होत्या होय, असं वाटलं. शेवटी एका सकाळी घरात कांदा नव्हता, पोह्यांत काय घालू या विचारात मी खेळात सहज बोलून गेले, "कांदा आणता का रे कुणी एक?"

ब्याण्णव!

दुसऱ्या दिवशी घरात दोन किलो कांदा होता. तरी मागितला. ब्याण्णव. आठवडाभर मागितला. ब्याण्णव, त्र्याण्णव, ब्याण्णव. कांदे मिळत गेले आणि ओढ काही संपेना. कंपनीत म्हणे लोक बघायला जमले. ओवीने विचारलं, "आजी, तुम्हाला नक्की कांदाच हवाय ना?"

"तर! कांद्यावाचून जेवणाला चव आहे का?"

ती पट्टी हुशार खरी, पण एका डोळ्याने आंधळी. किती हवंय ते तिला कळतं. काय हवंय ते कळत नाही. मी कशाला सांगू?

मग माझं नाव झालं. मोकळ्या रानातलं सगळ्यात लाडकं काम म्हणजे बाभळीखालच्या आजीला कांदा नेऊन देणं. मी एकदा "कांदा आण रे" म्हटलं, की एकाच वेळी तीस हजार जणांना ऐकू जायचं, आणि प्रत्येकाला वाटायचं म्हातारी फक्त आपल्यालाच सांगतेय. कांदा घेऊन आल्यावर माझ्याशी खरोखर बोलायला मिळे ते दोन-अडीचशे जणांना, ज्यांचा नंबर लागेल त्यांना. यायचे, कांदा द्यायचे. मी म्हणायची, "आलास का!" त्यांच्या मेंदूत तो दिवा लागायचा. हसायचे आणि निघून जायचे. चाळीस सेकंद. मी मोजलेत. कंडक्टरला थांब्यावर गाडी किती वेळ उभी राहते ते आपोआप कळतं. तीस हजार कांदे, आणि बसायला कुणी नाही.

प्राचीचा फोन रविवारी साडेनऊला यायचा, चांगला अर्धा तास. ओवीने एकदा चाचरत विचारलं, "आजी, रविवारी काटा अठ्ठ्याहत्तरला का येतो? सकाळी काही होतं का?" मी प्राचीला म्हटलं, दुपारी करत जा गं, सकाळी माझं काम असतं. दुपारी तिच्या मुलाचं पोहणं असायचं. फोन दहा मिनिटांवर आला. मग नुसतेच मेसेज. "आई आता कामात असते," असं ती सगळ्यांना सांगायची. तिला बरंच वाटलं. मीही बरंच वाटून घेतलं. रविवारी काटा पुन्हा ब्याण्णव.

एके दिवशी दुपारी साडेबाराला एकीने माझ्यापुढे कांदा आदळला. खेळातलं तिचं नाव थकलेली गोगलगाय.

"हा घ्या. सुटले एकदाची."

"अगं बाई, तोंड का एवढं वाकडं?"

"तोंड दिसतं तुम्हाला?"

"आवाजाला तोंड असतं."

"मग ऐकाच, आजी. मला ही आणाआणी अजिबात आवडत नाही. इथून तिथे जा, उचला, परत या. दवाखान्यात एक्स-रे काढते मी. पेशंट आणा, पेशंट न्या. दिवसभर तेच. सुट्टीत खेळायचं तर इथेही तेच?"

"मग करतेस कशाला?"

"कांदा दिल्याशिवाय पलीकडचा डोंगर उघडत नाही. मला डोंगर बघायचाय."

"बाकीच्यांना तर फार आवडतं."

"बाकीच्यांना तुम्ही 'आलास का' म्हणता ना, ते आवडतं. कांदा कुणाला आवडतो?" असं म्हणून ती बाभळीच्या मुळावर टेकली. "पाच मिनिटं बसते हां. डबा खाऊन घेते. इथे तळघरात कुणी नसतं."

तिचं खरं नाव शलाका. मेथीची भाजी होती त्या दिवशी, आणि पोळी गार. सात महिन्यांत बसलेली पहिली. काटा अठ्ठ्याऐंशीवर आला, पण मी ओवीला नेटवर्क खराब आहे म्हणून सांगितलं.

शलाका रोज येऊ लागली. डोंगर उघडला तरी यायची. खाता खाता कुरकुरायची. एकदा म्हणाली, "त्या पलीकडे तळ्याकाठी तुमच्यासारखाच एक बसलाय. क्लॅरनेटची रीड मागतो. ती तोंडाशी बसवतात ना, वेताची पातळ काडी, ती. दिली की म्हणतो, ही पण चिरली, दुसरी आण. त्याचाही काटा म्हणे कधी खाली येत नाही."

"यंत्र असेल."

"यंत्रं खोकत नाहीत, आजी. लग्नाच्या बँडचा मास्तर होता म्हणाला."

माझे कान टवकारले. कंपनीचा नियम होता, मागणाऱ्यांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, आणि खरं नाव, गाव कुणालाच सांगायचं नाही. करारात लिहिलेलं. मागणारा माणूस आपल्या झाडाखालून उठूच शकत नाही, त्यामुळे मी त्या तळ्यावर जायचा प्रश्नच नव्हता. पण मी एकतीस वर्षं काय केलं होतं? मी कधी त्या डबेवाल्या आयांना सांगलीला नेलं का? डबा नेला.

दुसऱ्या दिवशी मी मागणं बदललं. "कांदा आणा रे. आणि त्यातला अर्धा तळ्याकाठच्या मास्तरला नेऊन द्या. त्याला म्हणावं, कांदा कापताना तोंडात पाण्याचा घोट धरला की डोळ्यांत पाणी येत नाही."

लोक पळत सुटले. जाऊन-येऊन तासाभराची वाट. पहिला परत आला तो धापा टाकत. "आजी, मास्तर म्हणतात, तसं वाजवून पाहिलं. शर्ट भिजला."

"काय वाजवून?"

"तोंडात पाणी धरून क्लॅरनेट. तुम्हीच सांगितलंत ना?"

दहा जणांनी दहा निरोप सांगितले होते. एकाने सांगितलं, आजी तुमच्यासाठी रडते. एकाने तर माझ्या नावावर अख्खी लावणी म्हटली. ज्यांना आणाआणी आवडते ना, त्यांचा हाच घोळ. मजा आली की मीठ घालतात. एक शलाका तेवढी निरोप शब्दाचा फरक न करता पोचवायची. तिला मजाच येत नव्हती, भर कशाला घालेल?

आणि मग काय विचारता! मी निरोप पाठवला, एकदा ड्रायव्हरचा डोळा लागला तरी आमची गाडी अर्ध्या वाटेवरून स्वतःची स्वतः स्टँडवर आली, आणि वेळेत आली. मास्तरचं उत्तर: "गाडीचं काय घेऊन बसलात. एका वरातीत घोडा आमच्या वाजवण्यावर असा खूश झाला की नवरदेवाला खाली उतरवून तो बँडमध्येच आला. चार सीझन होता आमच्याकडे. टोपी घालायचा." मी कळवलं, त्याच घोड्याला मी अर्धं तिकीट फाडलं होतं. त्याने कळवलं, आठवतं, त्याने तुम्हाला सुट्टे पैसे दिले नव्हते. तीस हजार लोक इकडून तिकडे थापा वाहत होते आणि हसून हसून मरत होते. माझा काटा सत्त्याण्णव, त्याचा पंचाण्णव. कंपनीने ओवीला बढती दिली.

एकदाच शलाका निरोप घेऊन आली आणि डबा न उघडता उभी राहिली. "मास्तर म्हणाले, शब्द असेच सांग. 'आता लग्नांत भिंतीच वाजतात, बँड लागत नाही. घरात वाजवलं तर खिडक्या बंद होतात. आज रीड नको. आज फक्त उत्तर आलं तरी चालेल.'"

त्याचं उत्तर मी काय दिलं ते तुम्हाला सांगणार नाही. ती थाप नव्हती.

त्यानंतर काटा उतरायला लागला. नव्वद. पंचाऐंशी. माझी सकाळ बरी जायला लागली होती, हाच तो बिघाड. मी "कांदा आण रे" म्हणायची, पण श्वास अडकत नव्हता. कारण मला माहीत असायचं, साडेबाराला उत्तर येणार आहे. खेळणाऱ्यांना कारण कळत नव्हतं, पण कांदा पुन्हा जड वाटायला लागला होता. वाटेतच टाकून देऊ लागले. तिकडे मास्तरचंही तेच. बहात्तरला ओवी पुण्याहून गाडीत बसून आली. सोफ्याच्या कडेवर बसली. मी ताक दिलं ते नुसतंच हातात धरून राहिली.

"आजी, तुमच्या दोघांची ओढ भागते आहे."

"मग वाईट काय झालं?"

"वाईट काही नाही हो. उलट..." मग एकदम म्हणाली, "सत्तरच्या खाली गेलं की जागा बंद करावी लागते. तुमचं झाड आणि त्यांचं तळं, दोन्ही. पट्ट्या परत घेतात. मग तुम्ही एकमेकांना कुठे शोधणार? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. आणि मी सांगू शकत नाही."

"दुसरा काही उपाय?"

"एक आहे. मास्तरांना समुद्रापलीकडच्या बेटावर हलवायचं. तिथून इकडे निरोप येत नाहीत. दोघांचेही काटे वर जातील. सगळ्यांत वर जातील." ताकाकडे बघत ती म्हणाली, "हे बोलताना मला कसं वाटतंय ते विचारू नका."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, ती म्हणेल तसं."

"आणि मी त्याला पत्ता पाठवला तर?"

"तर करार मोडला. त्याच दिवशी दोघंही बाहेर." ओवी उठली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "पण तुमच्या घरावर कंपनीचा करार चालत नाही, आजी. तिथे कुणी आलं तर आलं. शुक्रवारी बेटावर हलवायचं ठरतंय. तोपर्यंत मला सांगा."

ती गेल्यावर ते ताक मीच प्यायले.

हिशेब सरळ होता. एका बाजूला रोज दोन-अडीचशे माणसं, चाळीस चाळीस सेकंद, आणि त्यांच्या पाठीमागे तीस हजार. दुसऱ्या बाजूला एक खोकणारा माणूस, ज्याचा मी चेहरा पाहिला नव्हता. पत्ता द्यायचा म्हणजे झाडही गेलं, लोकही गेले. आणि तो आला नाही तर? किंवा आला, चहा प्यायला, आणि समोरासमोर बोलायला काहीच नसलं तर? लांबून निरोप पाठवणारी माणसं जवळून कशी असतात कुणास ठाऊक. मी स्वतः लांबून बरी आहे, असं हे नेहमी म्हणायचे.

पण डबा फलाटावर उतरवल्याशिवाय कळत नाही तिथे कुणी उभं आहे की नाही. मी ठरवलं, पाठवायचा. कुणाबरोबर? आणाआणी आवडणाऱ्याबरोबर पाठवला असता तर दुसऱ्या दिवशी तीस हजार लोक कांदे घेऊन जिन्यात. (एक क्षण मला तेही वाईट वाटलं नाही. मग आमच्या लिफ्टचा विचार केला.) शलाकाच.

गुरुवारी साडेबाराला ती आली. डबा उघडला. मी तिला पत्ता सांगितला. विटा, स्टँडच्या मागची गल्ली, चौथा मजला, बेल जोरात दाबावी लागते. "शनिवारी दुपारच्या गाडीने या म्हणावं. मी स्टँडवर असेन. नाहीतर रविवारी. नाहीतर सोमवारी." ती म्हणाली, "आजी, मला ही आणाआणी आवडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे." मी म्हटलं, "म्हणून तर." ती तशीच तळ्याकडे निघाली, पोळी हातात गुंडाळून.

संध्याकाळी मी ओवीला फोन केला. म्हटलं, हलव त्याला बेटावर. तिला वाटलं मी हार मानली. वाटू दे. तो माणूस शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात बसला असला तर बेटावर राहतो कोण?

शनिवारी मी पांढरी साडी नेसले, निळ्या काठाची. स्टँडवर गेले. फलाट तसेच आहेत, फक्त माणसं चढताना कुणाशी बोलत नाहीत. सांगलीकडची गाडी आली, आपणच थांबली, आपणच दारं उघडली. कॉलेजची मुलगी उतरली. एक जोडपं उतरलं. एक म्हातारा उतरला, मी दोन पावलं पुढे झाले, पण त्याला घ्यायला नातू आला होता. रविवारी गेले. सोमवारी गेले. कुणी वाट बघत असलेलं मी आयुष्यभर गाडीतून बघितलं होतं, खाली उभं राहून कधी नाही. पाय दुखतात. आणि प्रत्येक गाडी लांबून आपलीच वाटते.

तो आला नाही.

मंगळवारी पट्टी बांधली. "कांदा आणता का रे कुणी?" म्हटलं. पलीकडून ओवी हळूच म्हणाली, "शंभर. आजी, शंभर आजवर कुणाचाच झाला नव्हता."

तेव्हापासून तो खाली आलेला नाही. आज दीड वर्ष झालं. पन्नास हजार लोक आहेत आता. मला कांदा आणून दिला की काही लोक घरी जाऊन आईला फोन करतात म्हणे, एवढं आतून हलतं. शास्त्रज्ञ म्हणतात आणाआणी ही खेळातली सर्वांत आनंदाची गोष्ट आहे हे आता सिद्ध झालं, त्यांनी त्यावर निबंध लिहिलाय, त्यात माझा काटा छापलाय. बेटावरच्या मास्तरचाही शंभर आहे, असं ओवी सांगते. तो अजून रीडच मागतो. शलाका कधीमधी येते, डबा खाते. आम्ही डोंगरांबद्दल बोलतो.

झाली गोष्ट. सगळी खरी आहे. वाघ नव्हता, ते पट्टीनेच सांगितलं, तेव्हा तो धरू नका. घोडा मास्तरचा, त्याची जबाबदारी माझ्याकडे नाही. स्टँडवर मी तिन्ही दिवस गेले होते, साडीसुद्धा तीच. फक्त एक तपशील माझ्या पदरचा आहे. गुरुवारी साडेबाराला शलाका आली, तिने डबा उघडला, आणि विचारलं, "मास्तरना काय सांगू?" पत्ता माझ्या अगदी ओठांवर होता. मी म्हटलं, "काही नाही."

आणि तिने तेही शब्दाचा फरक न करता पोचवलं.